तीन वाजून सात मिनिटं

आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत कोणताही निर्णय घ्यायचा झाला की सर आधी डबा उलटा करून दाखवत. बिस्किटांचा पत्र्याचा चौकोनी डबा, झाकणाला करवतीने पाडलेली चीर. सभेला सात माणसं असोत की सतरा, सर त्या डब्याच्या तळावर दोन थापा मारत, तो सगळ्यांच्या नाकासमोरून फिरवत आणि म्हणत, "रिकामा आहे. बघून घ्या." मग झाकण, झाकणावर सुतळी, सुतळीच्या गाठीवर लाख. विषय काय, तर जिन्यातला दिवा कुणी बंद करायचा. तळमजल्यावरचे आजोबा एकदा म्हणाले, "सर, जिन्यातल्या दिव्यापेक्षा तुमची लाखेची मेणबत्तीच जास्त जळते." सर हसले नाहीत. त्यांनी आजोबांच्या हातात चिठ्ठी ठेवली आणि कपाटामागे जाऊन गुप्तपणे खूण करायला सांगितलं.

सर महापालिकेच्या शाळेत विज्ञान शिकवत. मीही त्यांच्या हाताखालून गेले, शिवाय ते आमच्या वरच्याच मजल्यावर राहात, त्यामुळे परागीभवन मी शाळेत एकदा आणि जिन्यात तीनदा शिकले आहे. पण गल्लीत त्यांना विज्ञानाचे सर म्हणून कुणी ओळखत नसे. त्यांचं नाव केंद्राध्यक्ष. निवडणुकीच्या कामाचा हुकूम आला की बाकीच्या मास्तरांना एकाएकी रक्तदाब सुरू व्हायचा आणि कुणाची ना कुणाची मेहुणी अत्यवस्थ व्हायची. सरांचा हुकूम यायला दोन दिवस उशीर झाला तर ते स्वतः कचेरीत जाऊन चौकशी करत. मतदानाच्या आदल्या दिवशी पेट्या घेऊन केंद्रावर मुक्काम, पहाटे दाढी, इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि ठरल्या वेळी दार उघडायचं म्हणजे उघडायचं. मतदान संपायच्या वेळेला एक मिनिट उरलं असताना धापा टाकत आलेल्या म्हातारीला ते हात धरून आत घेत. एक मिनिट उलटून आलेल्या नगरसेवकाच्या भावाला मात्र त्यांनी परत पाठवलं होतं.

हे वेड आलं कुठून ते मला बरंच मोठं झाल्यावर कळलं. सर मूळचे भंडाऱ्याकडचे. इतकी वर्षं पुण्यात काढून त्यांची भाषा अगदी छापील झाली होती, फक्त चिडले की तोंडातून 'काहून?' बाहेर पडे. त्यांच्या बैठकीच्या खोलीत निळ्या कोटातली तसबीर होती आणि तिच्याखाली वडिलांचा लहानसा फोटो. नागपूरला छप्पन साली ज्या गर्दीने धम्म स्वीकारला त्या गर्दीत ते वडील होते. एकदा मी कॉलेजातल्या आगाऊपणाने म्हणाले, "सर, एका मताने असा काय फरक पडतो?" सरांनी वडिलांच्या फोटोकडे बोट केलं. मग म्हणाले, "माझ्या बापाला गावच्या विहिरीला हात लावू देत नव्हते. मतपेटीला लावू दिला. त्या दिवशी ते अंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून तीन मैल चालत गेले. परत आल्यावर आईने विचारलं, कोणाले देल्लं? तर म्हणाले, सांगाचं नसते." मी पुन्हा कधी तो प्रश्न विचारला नाही.

निवृत्त झाल्यावर सरांनी झाडांची मतदारयादी करायला घेतली. आमच्या सोसायटीच्या मागून नदीपर्यंत झाडीचा एक पट्टा होता. वाळुंज, करंज, उंबर, जांभूळ आणि पाण्याच्या अगदी कडेला एक थोराड अर्जुन. सर रोज सकाळी वही आणि शिंप्याची टेप घेऊन तिथे जात. वहीत रकाने निवडणुकीच्या यादीसारखेच आखलेले होते. अनुक्रमांक, नाव, वय, पत्ता, ओळखीची खूण. 'अ. क्र. ४१. वाळुंज. साठीच्या पुढे. धुण्याच्या दगडांच्या वरच्या अंगाला. बुंध्याला डावीकडे गाठ.' गुडघा दुखत असला तरी यात खंड नाही. काकू म्हणजे सरांच्या पत्नी. त्या मला म्हणायच्या, "या यादीत माझा नंबर कितवा ते विचार गं जरा." सर वहीतून मान वर न काढता सांगत, "तुमची नोंद स्वतंत्र रजिस्टरला आहे."

तो काळ पुण्याला घाई सुटल्याचा होता. खराडीकडे काचेच्या इमारती उठत होत्या, इंजिनिअर झालेल्या प्रत्येकाला तिकडे नोकरी हवी होती आणि शहराच्या या टोकाहून त्या टोकाला जाताना जीव मेटाकुटीला यायचा. नदीच्या काठाने रस्ता काढायचा असं घाटू लागलं तेव्हा आमच्या घरात आनंदच झाला. मला तर उघड आनंद झाला. सरांना कळलं की तो रस्ता त्यांच्या यादीवरून जाणार. त्यांनी अर्ज केले, निवेदनं दिली, वही बगलेत मारून साहेबांच्या दारात बसले. तेवढ्यात महापालिकेची निवडणूक आली. वॉर्डात दोनच तगडे उमेदवार होते. एक, ज्यांची खडी-सिमेंटची वाहनं त्या रस्त्यावर चालणार होती ते गृहस्थ. दुसरे आमचे दवाखान्याचे डॉक्टर, सज्जन माणूस, पण रस्त्याविषयी चकार शब्द काढत नव्हते. लोकांना रस्ता हवा होता, ते कशाला बोलतील? तेव्हा सरांनी अपक्ष म्हणून स्वतःचाच अर्ज भरला. झाडांच्या बाजूने कुणी तरी उभं असलं पाहिजे, इतकंच त्यांचं म्हणणं होतं.

अर्ज मागे घ्यायच्या शेवटच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी डॉक्टर सरांकडे आले. मी काकूंना मिक्सर परत द्यायला गेले होते, म्हणून सगळं माझ्यासमोर झालं. डॉक्टर म्हणाले, "सर, आपली मतं ती माझीच मतं. आपण उभे राहिलात तर तो निवडून येईल आणि पहिली कुऱ्हाड तुमच्या अर्जुनावर पडेल."

"आपण निवडून आलात तर?"

"रस्ता वरच्या अंगाने वळवायला लावतो. शब्द देतो."

"शब्द लिहून द्या," सर म्हणाले. डॉक्टरांनी तिथेच खिशातला औषधं लिहून द्यायचा कागद काढून त्यावर लिहून दिलं आणि सही केली. सरांनी तो दोनदा वाचला. मग म्हणाले, "माझं काम झालं. उद्या अर्ज मागे घेतो."

निवडणुकीची कचेरी सदाशिव पेठेत होती आणि मुदत दुपारी तीनपर्यंत. सरांचा गुडघा सुजला होता. मी म्हणाले, "मी नेते ना स्कूटरवर. सकाळी खराडीला माझा इंटरव्ह्यू आहे, दीड वाजता दारात हजर होते." सरांनी दीड ही वेळ वहीत लिहून घेतली.

इंटरव्ह्यू लांबला. सव्वा वाजता मला सांगितलं, अमेरिकेला पाठवायच्या मुलांची आणखी एक फेरी आहे, थांबणार असाल तर थांबा. मी थांबले. स्वागतकक्षातून सरांना फोन लावला आणि जे पुण्यात प्रत्येक माणूस रोज दहा वेळा म्हणतो ते म्हणाले, "निघालेच आहे, सर." मी खुर्चीत बसले होते. फोन ठेवला तोवर आतून माझ्या नावाचा पुकारा झाला होता.

तिथून सुटायला दोन वाजले. कर्वेनगरला पोचले तेव्हा पावणेतीन झाले होते आणि सर फाटकाशी उभे होते. पांढरा शर्ट, हातात अर्ज. 'उशीर झाला' असं मीच म्हणाले. ते स्कूटरवर मागे बसले. सदाशिव पेठेत गर्दी नेहमीसारखीच होती. कचेरीचे जिने सर कठड्याला धरून चढले. आतला अधिकारी एकेकाळी मतदान केंद्रावर सरांच्या हाताखाली काम केलेला निघाला. तो उठून उभा राहिला. "या सर, बसा. पाणी घ्या. तीनच्या आत आलात असं लिहितो मी."

"घड्याळात किती वाजलेत?"

"सर, काय आपण..."

"किती वाजलेत?"

"तीन वाजून सात मिनिटं."

"मग तेवढेच वाजलेत," सर म्हणाले, आणि अर्जाची घडी घालून खिशात ठेवली. मी त्यांचा दंड धरला, अक्षरशः गयावया केली. झाडांचं नाव घेतलं. ते म्हणाले, "सुजाता, सात मिनिटं उशिरा आलेल्याला मी आत घेतलेलं नाही. आज तो मी आहे म्हणून घ्यायचं?" त्या क्षणी मला त्यांचा भयंकर राग आला. माझ्यापेक्षा जास्त चूक त्यांची आहे असं मी स्वतःला पटवून घेतलं.

सरांना कपबशी हे चिन्ह मिळालं. मग वॉर्डाने पूर्वी न पाहिलेला प्रकार सुरू झाला. सर गुडघ्याला पट्टी बांधून दारोदार जायचे आणि सांगायचे, "मी उमेदवार आहे, पण मला मत देऊ नका. डॉक्टरांना द्या." तळमजल्यावरचे आजोबा म्हणाले, "स्वतःला पाडायला इतकी पायपीट करणारा माणूस मी प्रथमच बघतोय. बसा, चहा घ्या." लोक हसले, पण त्यांना सरांचं फार कौतुक वाटलं, आणि तिथेच सगळं फिसकटलं. इतक्या सरळ माणसाला भोपळा मिळणं बरं दिसणार नाही, असं प्रत्येक घराला वाटलं. डॉक्टर तर येतातच आहेत, आपलं एक मत इकडेतिकडे झालं म्हणून काय बिघडतं? तीन मतं डॉक्टरांना, एक सरांना, असा घराघरात हिशेब झाला. आमच्या घरातलं ते एक मत माझं होतं. स्वतःला लागलेली बोच घालवायला मी कपबशीला मत देऊन आले आणि घरी येऊन शांत झोपले.

मोजणी झाली. डॉक्टर जेवढ्या मतांनी पडले, त्याच्या जवळजवळ दुप्पट मतं कपबशीला होती. सर दवाखान्यात जाऊन डॉक्टरांसमोर उभे राहिले. "माझी चूक झाली. मला उशीर झाला." डॉक्टर त्यांचे हात धरून खुर्चीत बसवत म्हणाले, "अहो सर, असं काय करता, असं होतं कधी कधी." उशीर का झाला हे सरांनी त्यांनाही सांगितलं नाही आणि पुढे कुणालाच नाही. गल्लीत आडून टोमणे निघायचे, 'घड्याळवाले उमेदवार' असं नाव पडलं. मी तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. मी उघडलं नाही, कारण त्याच आठवड्यात मला अमेरिकेच्या नेमणुकीचं पत्र आलं होतं आणि घरी पेढे वाटणं चाललं होतं.

वर्ष उलटायच्या आत झाडं पडली. करवतीचा आवाज आला की सर वही आणि लाल पेन्सिल घेऊन काठावर जात. मतदान केंद्रावर माणूस येऊन गेला की यादीतल्या त्याच्या नावावर रेघ मारतात, तशी एकेका झाडाच्या नावावर रेघ मारत. आधी अनुक्रमांक मोठ्याने वाचायचे, मग नाव, मग रेघ. झाड तोडणारे मजूर आधी हसले, नंतर गप्प झाले. एकाने तर कुऱ्हाड लावायच्या आधी विचारलं, "गुरुजी, हा कोणता नंबर हाय?" अर्जुनाच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर होते. अर्जुन पडायला दुपार झाली. रेघ मारताना पेन्सिलीचं टोक तुटलं, ते त्यांनी खाली वाकून शोधलं आणि खिशात टाकलं. पुढल्या महिन्यात मी अमेरिकेला गेले. विमानतळावर पोचवायला आमची गाडी नव्या रस्त्याच्या खडीवरूनच गेली.

तिकडून मी दर शनिवारी सकाळी सरांना फोन करायचे, त्यांच्याकडे संध्याकाळ असायची. पंधरा वर्षांत क्वचितच शनिवार चुकला असेल. झाडांविषयी आम्ही बोलत नसू. मी तिकडची नागरिक झाले तेव्हा सरांनी पहिला प्रश्न विचारला, "मतदारयादीत नाव आलं का?" आणि मग तिथलं मतदान कसं होतं, केंद्राध्यक्ष कोण असतो, पेटी रिकामी करून दाखवतात का, याची सरबत्ती. टपालाने घरबसल्या मत देता येतं हे मी सांगितल्यावर ते जरा नाराज झाले. "मग अंघोळ करून जायचं कुठे?" म्हणाले.

अध्यक्षाची निवडणूक आली. तिथे दोन मोठे पक्ष, आणि बाजूला एक लहानसा पक्ष, जो हवा, पाणी, जंगलं यांखेरीज दुसरं काही बोलत नव्हता. त्यांची पत्रकं वाचताना मला दरवेळी सरांचं अक्षर आठवायचं. पण आमचं राज्य कुणीकडेही कलू शकेल अशातलं होतं. माझ्या ऑफिसातले सगळे बजावत होते, तिसऱ्याला मत दिलंस तर नको तो माणूस येईल, आहेत ते कायदेसुद्धा मोडीत काढील. मतपत्रिका टपालाने येऊन आठवडाभर जेवणाच्या टेबलावर पडून होती. ती उघडून कपबशी शोधावी असं मला वाटे, आणि भीतीही वाटे. शेवटी एका शनिवारी मी सरांना विचारलं. तेव्हा ते आजारी होते, आवाज खोल गेला होता.

"सर, कुणाला देऊ?"

"सांगाचं नसते," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "त्या तिसऱ्याने अर्ज मागे नाही घेतला?"

"नाही."

"त्यालाही उशीर झाला असेल."

त्यावर मला रडू फुटलं. इतकी वर्षं दडवून ठेवलेलं मी सांगून टाकलं. त्या दिवशी मी निघालेच नव्हते सर. आत माझ्या नावाचा पुकारा होत होता आणि खुर्चीत बसून तुम्हाला खोटं सांगितलं. तुमची झाडं माझ्यामुळे गेली.

अर्धं मिनिट पलीकडून नुसती सरांची धाप ऐकू आली. मग म्हणाले, "मला माहीत होतं. मागे कुणी तरी तुझं नाव पुकारलेलं ऐकू आलं होतं."

"मग थांबलात काहून?" त्यांचाच शब्द माझ्या तोंडी आला.

"कोपऱ्यावर रिक्षा उभी होती. हाक मारली असती तर आली असती. मी मारली नाही." त्यांना दम लागला होता, थांबून थांबून बोलत होते. "उमेदवारांच्या यादीत आपलं नाव छापून आलेलं एकदा बघावं असं मनात होतं, सुजाता. बापाला दाखवावं असं. तेव्हा तू एकटीच खुर्चीत बसली नव्हतीस, मीही निघालो नव्हतो. झाडं माझ्या हौसेपायी गेली. ते ओझं तुझं नाही, खाली ठेव. आणि मत देताना एवढंच बघ, ते झाडासाठी देते आहेस की स्वतःला बरं वाटावं म्हणून. उत्तर मला कळवू नकोस."

मी मतपत्रिका उघडली, खूण केली आणि पाकीट बंद केलं. कुणाला दिलं ते सांगायचं नसतं. पण त्या दिवशी कितीतरी वर्षांनी मला हलकं वाटलं, हे खरं आहे. सरांनाही हाव होती, सरही आपल्यासारखेच होते, या विचाराचा मी आधार घेतला. निकाल लागला त्याच्या पुढच्या आठवड्यात सर गेले.

मी पुण्याला पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. काकू एकट्याच बैठकीत बसल्या होत्या. निळ्या कोटातल्या तसबिरीखाली वडिलांच्या फोटोशेजारी आता सरांचा फोटो होता. शेजारच्या फळीवर तो बिस्किटांचा डबा. इकडचं तिकडचं बोलणं झालं आणि मी त्यांना त्या फोनविषयी सांगितलं. कोपऱ्यावरच्या रिक्षेचंही सांगितलं.

"कोपऱ्यावर रिक्षा?" काकू म्हणाल्या. "अगं, रिक्षांचा स्टँड तर रस्ता झाल्यावर आला. तेव्हा कुठली गं रिक्षा उभी असायची आपल्या कोपऱ्यावर? बस होती तेवढी. एक दीडला गेली, एक सव्वादोनला. दोन्ही वेळेला मी म्हटलं, जा हो, बसने जा. तर म्हणाले, ती निघाली आहे. मी गेलो आणि ती दारातून परत गेली तर तिला काय वाटेल? तुझ्या वाटेकडे डोळे लावून फाटकाशी उभे होते."

"आणि मागे माझं नाव पुकारलं ते?"

"ते कुठे होते फोनवर? फोन मी घेतला होता. मीच निरोप दिला, सुजाता निघाली म्हणून."

तेव्हा मला आठवलं. फोन काकूंनीच उचलला होता. 'निघालेच आहे, सरांना सांगा' असं मी म्हणाले होते, आणि आठवणीत मीच त्याचं 'निघालेच आहे, सर' करून ठेवलं होतं. सरांनी माझं बोलणं ऐकलंसुद्धा नव्हतं. त्यांना काहीच माहीत नव्हतं. माझी चूक मी सांगेपर्यंत पंधरा वर्षं ते मी निघाले होते असंच धरून चालले होते, आणि ती कळल्यावर अर्ध्या मिनिटात, धाप लागलेली असताना, त्यांनी ती स्वतःच्या नावावर लिहून घेतली.

सात मिनिटं खोटी लिहू न देणारा माणूस. जन्मभर सगळ्यांसमोर डबा रिकामा करून दाखवला आणि शेवटी माझ्या बाजूचं एक मत आधीच आत टाकून ठेवलं. उठून फळीवरचा डबा उतरवला, झाकण काढलं आणि आत बघितलं. तळाशी लाल पेन्सिलीचं तुटलेलं टोक होतं.